भाता कोण मारणार?

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, डाव्या बाजूला. उजवा हात छान चालतो, डावी मूठ बहुतेक वेळ मिटलेली. आठव्या वर्षी तिने पेटी शिकायचा हट्ट धरला. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. म्हणजे नेमका अडणारा हातच कामाचा.

दोन क्लासवाल्यांनी ‘कीबोर्ड घ्या, सोपं पडेल’ म्हणून वाटेला लावलं. कीबोर्ड आणलाही. महिनाभरात ती कंटाळली. ‘दाबलं की वाजतंच राहतं,’ ही तिची तक्रार. तिसऱ्या बाईंनी मात्र मलाच पेटीमागे बसवलं. ‘भाता तुम्ही मारा.’

मला वाटलं, त्यात काय शिकायचंय? पहिल्या दिवशी ठेक्यावर भाता हाणला. प्रत्येक मात्रेला सूर उसळायचा आणि लांब सुरावर हवा संपायची. मग बाईंनी उलगडून सांगितलं: पेटीच्या पोटात आणखी एक भाता असतो, स्प्रिंगने दाबलेला, हवा साठवणारा. तो रिकामा होऊ द्यायचा नाही, गच्च भरायचाही नाही. ठेका विसरायचा आणि तान सुरू व्हायच्या आधीच हवा द्यायची. पण तान कधी येणार, हे मला कसं कळावं? हळूहळू लक्षात आलं, तानेआधी ती हनुवटी किंचित उचलते. मी पट्ट्यांकडे बघणं सोडलं.

मध्येच एका ओळखीच्या घरातून जुनी पायपेटी मिळाली. हार्मोनियम युरोपातून आली तेव्हा ती पायानेच चालायची. १८७५ च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी केली, मांडी घालून वाजवता यावी म्हणून. सगळ्यांची सोय झाली आणि आमची अडचण. उजव्या पायाने ती एकटी वाजवू लागली, पण पंधरा-वीस मिनिटांत पोटरी भरून यायची. म्हणून घरी थोडा वेळ पायपेटी आणि क्लासला मी.

खरी कटकट परीक्षेची. अर्जात लेखनिकाची सोय होती, भात्याची नव्हती. फोनवर उत्तर मिळालं, ‘वादन परीक्षार्थीनेच करायला हवं.’ अहो, वादन तीच करतेय! मग रीतसर पत्र दिलं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत आणि बाईंचं दोन ओळींचं लेखी, की भाता मारणारा सूर निवडत नाही, लय ठरवत नाही. कुणाला हे करायचं असेल तर अर्जासोबतच पत्र द्या आणि पोच घ्या. मी नंतर दिलं; परवानगी परीक्षेच्या चार दिवस आधी हातात पडली. अटही होती, मी मान डोलवायची नाही.

परीक्षेत राग भूप, तीनताल. मान ताठ ठेवण्याच्या नादात माझं तिच्या हनुवटीकडे लक्षच राहिलं नाही. तिहाईच्या, म्हणजे शेवटी तीनदा वाजवायच्या तुकड्याच्या, ऐन मध्यावर सूर बसला.

‘बाबा, हवा!’

परीक्षक हसले. ‘मुखड्यापासून घे पुन्हा.’

दुसरा वर्ग मिळाला. पहिला हुकला तो माझ्यामुळे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पुढच्या परीक्षेसाठी रोज संध्याकाळी माझा रियाज घेते.