चिखलाचे कापड
पश्चिम आफ्रिकेतील मालीच्या राजधानीत, बामाकोत, राहून दोन वर्षे झाली, पण बोगोलानफिनी, म्हणजे बंबारा भाषेत चिखलाचे कापड, रंगवताना मी आज प्रथमच पाहिले. वीतभरही रुंद नसलेल्या, हातमागावर विणलेल्या सुती पट्ट्या जोडून केलेले कापड न्गालामाच्या पानांच्या काढ्यात भिजून पिवळे झाले होते (हे झाड आपल्या धावड्याच्याच भाऊबंदांतले). त्यावर आजींनी मडक्यात आंबवलेला गाळ काडीने रेखला. पानांतील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि गाळातील लोह यांच्या संयोगाने काळा रंग असा धरतो, की चिखल धुऊन निघाला तरी नक्षी टिकून राहते. छापील नक्कल बाजारात स्वस्त मिळते, याचे मला वाईट वाटते. पण आजींच्या काळवंडलेल्या बोटांशेजारी नात तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवत होती, आणि मी बराच वेळ तिथून हललेच नाही.