आमची वाटचाल : वेग तुम्ही घेतलाय, निवडही तुमचीच

आमचं घर मूळचं केबलचं. दादानं अशोक चौकामागच्या गल्ल्यांतून टीव्हीची केबल ओढली तेव्हा मी शाळेत होतो, महिन्याच्या वसुलीला त्याच्यासोबत फिरायचो. 2013 साली सोलापुरात सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला, केबलमधली कमाई आटली आणि त्याच खांबांवरून फायबर टाकून आम्ही इंटरनेटकडं वळलो. आधी एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेतली, पुढं स्वतःचं सी कॅटेगरीचं, म्हणजे छोट्या भागापुरतं नेट द्यायचं सरकारी लायसन्स काढलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं तेव्हा बाजारात सगळे म्हणाले, आता गल्लीतला नेटवाला संपला. तसं झालं नाही. मोबाइलवर व्हिडिओची सवय लागली आणि लोक घरात वायरचं नेट मागायला लागले.

आमचं काम कष्टाचं आहे. सिद्धेश्वर यात्रेत उंच नंदीध्वजांच्या मार्गावरच्या वायरी आधी उचलून घ्याव्या लागतात, पावसाळ्यात स्प्लायसिंगला, म्हणजे तुटलेली फायबर जोडायला, रात्र रात्र जाते, मॉडेमवर लाल दिवा लागला की पहिला फोन दादाला येतो. पण याबद्दल सगळेच नेटवाले सांगतील. मला वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे, नेट न्यूट्रॅलिटीबद्दल, म्हणजे नेट देणाऱ्यानं सगळ्या साइटना सारखंच वागवावं या तत्त्वाबद्दल. आमची फर्म कशी चालवायची हे त्या प्रश्नानं ठरवलं.

27 मार्च 2015 ला ट्रायनं, म्हणजे दूरसंचार क्षेत्राच्या नियामकानं, एक चर्चापत्र काढलं. व्हॉट्सअ‍ॅप, स्काइप यांसारख्या सेवांना वेगळे नियम लावावेत का, नेट देणाऱ्या कंपनीनं वेगवेगळ्या साइटना वेगवेगळी वागणूक द्यावी का, असे प्रश्न त्यात होते. देशभरातून दहा लाखांहून जास्त मेल ट्रायकडं गेले. त्याच सुमारास ठरावीक साइट फुकट देणाऱ्या योजना आल्या होत्या. फेसबुकची फ्री बेसिक्स त्यातली सर्वांत गाजलेली. आम्ही नेट पोहोचवणारे. सगळ्या साइटना सारखं वागवायचा नियम झाला तर हात आमचेच बांधले जाणार होते. तरी आम्ही नियमाच्या बाजूनं मेल पाठवला, कारण आमचे ग्राहक कोण आहेत ते आम्हाला माहीत होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणारा कारखानदार स्वतःची छोटी साइट काढतो, परगावच्या व्यापाऱ्याला माल दाखवतो. त्याची साइट कुठल्याच फुकटच्या यादीत येणार नाही. यादी ठरवणारे दुसरेच, आणि त्यांना त्याच्याकडून काही मिळणार नाही.

8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायचा नियम आला: साइट किंवा अ‍ॅप पाहून डेटाचा दर कमी-जास्त करता येणार नाही. मोडला तर दिवसाला 50,000 रुपये दंड, कमाल 50 लाख.

पण हा नियम दराचा होता, वेगाबद्दल त्यात काही नव्हतं. आणि नेमकं 2017 मध्ये एका ऑनलाइन क्लासचा प्रतिनिधी आमच्या ऑफिसात आला. दर बदलू नका, तो म्हणाला, फक्त संध्याकाळी आमच्या व्हिडिओला रांगेत पुढं ठेवा. कनेक्शनमागं महिन्याला ठरलेली रक्कम देऊ. रक्कम आमच्यासारख्यांना मोहात पाडेल एवढी होती. आमच्या राउटरमध्ये हे काम पाच मिनिटांचं आहे. त्या क्लासच्या आयपी पत्त्यांची (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यांची) यादी टाकायची, तिला वरचा प्राधान्यक्रम द्यायचा, झालं. रात्री नऊ ते अकरा, लाइन भरलेली असताना त्याचा व्हिडिओ स्वच्छ चालेल आणि बाकीचे गोल गोल फिरत बसतील.

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आमची बरीच कनेक्शन्स आहेत. आई विड्या वळते, मुलगी मोबाइलवर फुकटची लेक्चर बघून नीटची तयारी करते, अशी घरं तिथं आहेत. त्या मुलीला राउटरमधली यादी कधीच दिसणार नाही. ती एवढंच म्हणेल, हे फुकटचे सर चांगले नाहीत, सारखे अडकतात. पैशांचा क्लास बरा. दोष शिक्षकाच्या माथी जाईल, केलेलं असेल आम्ही. ग्राहकाला ही लबाडी पकडताच येत नाही. म्हणून ती न करण्याची जबाबदारी नेट देणाऱ्याची, आणि म्हणूनच ती त्याच्या सद्बुद्धीवर सोडता कामा नये. त्या माणसाला आम्ही चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

31 जुलै 2018 ला दूरसंचार विभागानं वेगातला भेदभावही लायसन्सच्या अटींत बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून नाही म्हणायला नुसती आमची तत्त्वं पुरेशी आहेत का, हा प्रश्नच राहिला नाही. अमेरिकेत हेच नियम 2015 ला आले, 2017 ला गेले, 2024 ला परत आले आणि जानेवारी 2025 मध्ये कोर्टानं पुन्हा काढले. आपल्याकडं ते टिकलेत, याचा मला मनापासून अभिमान आहे.

नियमानं आमचं काम अडत नाही. गर्दी आवरायला वाजवी उपाय करायची मुभा त्यात आहे. लॉकडाउनमध्ये मार्च 2020 च्या शेवटी मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर स्वतःहून एचडी बंद करून एसडी दिलं. आम्हीही संध्याकाळी थोडा वेग उतरवला, सगळ्यांचा सारखा, आणि तसा मेसेज प्रत्येक ग्राहकाला टाकला.

आता मोठ्या मोबाइल कंपन्यांची मागणी आहे की गूगल, नेटफ्लिक्स यांच्यासारख्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. ऐकायला रास्त वाटतं. पण व्हिडिओ आमच्या लाइनवर आपणहून येत नाही, ग्राहक मागतो म्हणून येतो, आणि त्या डेटाच्या वाहतुकीचे पैसे त्यानं महिन्याच्या सुरुवातीलाच भरलेले असतात. दक्षिण कोरियात अशी फी आहे. तिथला खर्च परवडत नाही म्हणून गेमचे लाइव्ह व्हिडिओ दाखवणाऱ्या ट्विचनं फेब्रुवारी 2024 मध्ये तो देश सोडला. इथं फी लागली तर ती दिल्लीत वाटाघाटी करू शकणाऱ्यांना मिळेल, सोलापूरच्या ऑपरेटरला नाही.

आमची खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्यावर कोणी फारसं बोलत नाही. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपले कॅश सर्व्हर नेट कंपनीच्या आत बसवतात, म्हणजे तोच सिनेमा दर वेळी लांबून आणावा लागत नाही. पण त्यासाठी तुमची वाहतूक ठरावीक मर्यादेच्या वर लागते. मोठ्यांना तो सर्व्हर मिळतो. आम्हाला तोच सिनेमा वरच्या कंपनीकडून बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहण्याची क्षमता, विकत घेऊन आणावा लागतो. न्यूट्रॅलिटीच्या नियमांतून ही व्यवस्था बाहेर ठेवली आहे. इथं नियम मोडत कोणीच नाही, तरी छोट्याचा ग्राहक मागं पडतो.

त्यावर उपाय म्हणून शहरातले काही छोटे ऑपरेटर आम्ही एकत्र बसायला लागलो आहोत. सगळ्यांची वाहतूक एका ठिकाणी जोडायची, मुंबईहून बँडविड्थ मिळून घ्यायची आणि त्या एकत्रित आकड्यावर कॅश सर्व्हर मागायचा. जागा कोणाची, विजेचं बिल कसं वाटायचं यावर अजून वाद चालू आहेत. एक कलम मात्र पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी मान्य केलं: या जोडणीत कोणत्याही साइटकडून पैसे घेऊन तिला पुढं काढायचं नाही, आणि राउटरमधली प्राधान्यक्रमाची यादी कोणत्याही सभासदाला कधीही उघडून पाहता येईल.