ऐरोलीतला बुधवार

बुधवार, रात्री साडेदहा

सांगलीहून येऊन आज तिसरा दिवस. भाच्याला पेंग्विन बघायचे होते, पण राणीची बाग बुधवारी बंद असते हे दादाला सकाळी चहा पिताना आठवलं. पोराचा चेहरा एवढासा झाला. मग वहिनीच म्हणाली, "इथल्याच खाडीवर जा की. रोहित पक्षी, फ्लेमिंगो, अजून गेले नाहीत."

जैवविविधता केंद्रात पोचलो, पण बोटीला अवकाश होता. इथलं वेळापत्रक भरती-ओहोटीच्या हातात. पाणी कमी असलं तर बोट चिखलात रुतते. फार चढलं तर चिखलपट्टाच बुडतो आणि पक्षी उठून जातात. तोवर तिवरांची मुळं बघत बसलो. चिखलात पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी वर आलेली. त्या चिखलात हवा नाही, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं बाहेर काढतं.

बोट निघाली तेव्हा समोर नुसती गुलाबी रेघ होती. इंजिन बंद झालं आणि त्या रेघेतून कलकलाट ऐकू यायला लागला. सगळ्यांच्या माना खाली, चोची उलट्या, पाणी गाळणं चाललेलं. धाकटा रोहित मुख्यतः पाण्यातलं सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ खातो, त्याचाच रंग पिसांत उतरतो. पिल्लं मात्र राखाडी असतात, हे कळल्यावर भाचा राखाडीच शोधत राहिला. गर्दीत मळकट पांढरे दोन दिसले तेव्हा त्यानं माझा हात घट्ट धरला. एका तीरावर मुंबई, दुसऱ्यावर नवी मुंबई, डोक्यावर विजेच्या तारा आणि मधे हे एवढं सगळं मोकळं, पिंजऱ्याशिवाय. 2015 साली अभयारण्य झालं, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ज्यांनी हे राखलं त्यांचे उपकार आहेत.

"आत्या, आपणपण उतरूया ना?"

"कमरेपर्यंत चिखल हाय, पोरा," नावाडी म्हणाला.

दुपारी लोकलनं ठाण्याला. तलावपाळीवर पुन्हा तोच प्रश्न, यात पोहतात का? नाही बाळा, नुसतं नावेत बसायचं. तलावांचं शहर म्हणतात, आणि पोराला अंग भिजवायला एक काठ नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं.

संध्याकाळी त्याची तरणतलावाची बॅच. बायकांची वेळ वेगळी, म्हणून मी काठावरच. पंधरा दिवस झाले तरी त्याचा दांडीवरचा हात सुटत नाही. प्रशिक्षक एक आणि पोरं तीस, कोण कुणाकडे बघणार? मला कृष्णेचा घाट आठवत होता. पाठीला वाळका भोपळा आणि पोटाखाली आप्पांचा तळहात. तो हात त्यांनी कधी काढून घेतला ते मला कळलंच नव्हतं.

आत्ता आप्पांना फोन केला. म्हणाले, भोपळा मिळवतो कुठूनतरी, घेऊन ये त्याला. वहिनी लगेच म्हणाली, कृष्णेत मगरी आहेत ना हल्ली? आहेत, तिचं खरं आहे. आप्पा क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, मळ्यातली विहीर आहे की, पायऱ्यांची.

शुक्रवारच्या गाडीची दोन तिकिटं बघतेय. वहिनीचं अजून ठरत नाहीये.