मोनॅको, लिफ्टने

गुरुवार, रात्री साडेदहा, नीस

सगळे झोपलेत, पाय ठणकतायत, पण आजचं आजच लिहिते, उद्या यातलं निम्मं फोटोंमध्ये विरघळून जाईल.

मोनॅको बघायचं तर नकाशा बॅगेत ठेवावा असं माझं मत झालंय. नकाशात सगळं हाताशी दिसतं, देशच मुळात दोन चौरस किलोमीटरच्या जरासा वर, व्हॅटिकन सोडला तर जगात सगळ्यात लहान, त्यामुळे वाटतं चला, दुपारपर्यंत उरकेल. पण नकाशा चपटा असतो आणि हा देश उभा आहे. समोर दिसणारी जागा समोर नसतेच, ती आपल्या डोक्यावर पाच-सहा मजले वर असते किंवा पायाखाली तेवढीच खाली, आणि तिथे जायला डोंगरात कोरलेली सरकारी लिफ्ट. फुकट. सरकते जिनेही फुकट. आईंच्या गुडघ्यांमुळे मी रात्रभर चिंतेत होते (आई म्हणजे सासूबाई), आणि त्या मात्र दुसऱ्या लिफ्टपासूनच पुढे, "अगं ये ना, दार बंद होतंय!"

राहिलोय आम्ही शेजारी फ्रान्समधल्या नीसला, कारण मोनॅकोतले हॉटेलचे रेट बघून नवऱ्याने लॅपटॉप मिटला होता. लोकल ट्रेन साधारण पंचवीस मिनिटांत पोचवते, उजव्या हाताला समुद्र, मध्येच व्हिलफ्रांशची खाडी अशी काही निळी दिसते की डब्यातले रोजचे लोकसुद्धा मोबाईलमधून मान वर करतात, मग बोगदा, परत समुद्र, परत बोगदा, आणि शेवटच्या बोगद्यातच स्टेशन. 1999 पासून हे स्टेशन डोंगराच्या पोटात आहे, जुने रूळ जमिनीवर होते ते काढून ती जमीन मोकळी केली. इथे जमीन मोकळी करणं हाच मुख्य धंदा दिसतोय, कसिनो नंतर.

पहिल्यांदा किल्ल्याचा खडक, ज्याला तिथले लोक नुसतं 'रोशे' म्हणतात. 1297 मध्ये फ्रान्स्वा ग्रिमाल्दी नावाचा माणूस साधूच्या वेशात किल्ल्याच्या दारात आला, झग्याखाली तलवार, आणि किल्ला घेतला, अशी गोष्ट सांगतात. मध्ये काही काळ हातातून गेलाही, पण आजही राज्य त्याच घराण्याचं आहे. राजचिन्हावर दोन साधू आहेत, हातात उपसलेल्या तलवारी! दगाफटका करून राज्य मिळवलं ते लपवायचं सोडून चिन्हावरच काढून ठेवलंय, मला हे फार आवडलं. 11 वाजून 55 मिनिटांनी पहारा बदलतो, पांढरे गणवेश, ड्रम, सगळं पाच-सात मिनिटांत आटोपतं आणि त्यासाठी लोक अर्धा तास उन्हात. ठीक आहे, बघितलं.

कॅथेड्रलमध्ये मात्र मी जास्त वेळ थांबले. राजा रेनिए आणि हॉलिवूडची नटी ग्रेस केली यांचं चर्चमधलं लग्न 1956 मध्ये इथेच झालं आणि दोघांच्या समाध्याही इथेच, शेजारी शेजारी. म्हणजे समाधी म्हणावं असं काहीच नाही, फरशीत बसवलेल्या साध्या दगडी लाद्या, त्यावर लॅटिन अक्षरं, तिच्या लादीवर 'ग्रातिया पात्रिसिया', बाजूला फुलं. आई एकदम म्हणाल्या, "ही गाडीच्या अपघातात गेली ना? पेपरात आलं होतं, तेव्हा तुझा नवरा रांगत होता." 1982. ती गेली तेव्हा 52 वर्षांची होती, राजा तिच्यामागे 2005 पर्यंत जगला. रांग हळूहळू सरकत होती, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि आई हात जोडून दोन मिनिटं उभ्या राहिल्या, बाकी कोणाला ते विचित्र वाटलं असेल तर वाटो.

समुद्रविज्ञानाचं म्युझियम त्याच खडकाच्या टोकावर. राजा पहिला आल्बेर याला राज्यकारभारापेक्षा समुद्रच जास्त प्रिय होता असं वाटावं इतक्या त्याने मोहिमा काढल्या, आणि मिळालेलं सगळं ठेवायला 1910 मध्ये हे उघडलं. इमारत कड्यालाच चिकटवलेली आहे, समुद्राकडून 85 मीटर उंच. समुद्राखालच्या फिल्म काढणारे जाक कुस्तो इथे 1957 ते 1988 इतकी वर्षं डायरेक्टर होते. खालच्या मजल्यावर मत्स्यालय, तिथे पोरांची झुंबड, माझाही मुलगा काचेला नाक लावून, हलेना. मला वरचा व्हेलचा सांगाडा आणि जुन्या मोहिमांची अवजारं जास्त आवडली. एकच जागा तिकीट काढून बघायची असेल तर ही बघा, डोळे झाकून सांगते.

जेवण कोंदामीन भागातल्या बाजारात. सोका खाल्लं, चण्याच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलात मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. आईंनी एक घास खाल्ला आणि निकाल दिला, "धिरडंच आहे, मिरची-कोथिंबीर विसरलेत." बार्बाजुआन म्हणजे पालेभाजी आणि चीज भरून तळलेलं, त्याला त्या काही बोलल्या नाहीत, पण तीन संपवले.

मग बंदर. नवरा आणि मुलगा इथे वेडे झाले, कारण फॉर्म्युला वनची रेस याच रस्त्यांवर होते, आणि इथली रेस 1929 पासूनची, फॉर्म्युला वनच्याही आधीची. एक फेरी 3.337 किलोमीटर, अशा 78. एरवी त्या रस्त्यावर बस आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, पण कडेचे लाल-पांढरे दगड आणि स्टार्टच्या खुणा तशाच. पहिल्या वळणावर सँत देवोतचं छोटं चर्च, ती या देशाची रक्षक संत, आणि तिच्यासाठी दर वर्षी 26 जानेवारीला संध्याकाळी एक होडी जाळतात. 26 जानेवारी! आपल्याकडे झेंडावंदन, जिलेबी, आणि यांच्याकडे होडी. बापलेक हेअरपिनच्या, म्हणजे पार उलटं फिरणाऱ्या वळणावर चालत जाऊन आले, तिथे त्या गाड्यासुद्धा ताशी पन्नासच्या आसपास येतात म्हणे, आणि तोवर मी आणि आई बाकावर बसून यॉट बघत होतो. यॉटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मोठ्या आहेत. त्यावर माणसं दिसत नाहीत, नुसते पुसणारे दिसतात.

त्यापेक्षा बंदराचा बांध! 352 मीटर लांबीचा काँक्रीटचा तुकडा, आतून पोकळ, स्पेनमध्ये बांधला आणि 2002 मध्ये समुद्रातून ओढत आणून इथे जोडला. समुद्र तिथे इतका खोल आहे की भराव टाकणं जमेना, म्हणून हा तरंगता, किनाऱ्याला एका अवाढव्य गोल सांध्याने अडकवलेला. आत गाड्यांचं पार्किंग. आपण मुंबईची माणसं, समुद्र बुजवून जमीन करणं म्हणजे काय ते नरिमन पॉइंटमुळे माहीत असतं, पण इथे ते वेगळ्याच थराला गेलंय. फोंव्हिएय हा अख्खा भाग भरावाचा, तिथल्या फुटबॉल स्टेडियमचं मैदान पार्किंगच्या छतावर आहे. आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये मारेतेरा नावाची नवीन सहा हेक्टर जमीन उघडली, समुद्रात काँक्रीटच्या 18 प्रचंड पेट्या उतरवून मागे भर घातली. तिथे आम्ही फिरलो, छान झाडं, छान वाट, घरांच्या किमती विचारायच्या नसतात.

शेवटी कसिनो. मुद्दाम शेवटी, कारण तोवर सगळं बघून झालं की त्याचा अर्थ लागतो. 1848 मध्ये मेंतों आणि रोकब्रून ही दोन गावं मोनॅकोतून फुटली, त्यांच्या लिंबांवर आणि ऑलिव्हवर राजाचं पोट होतं, 1861 मध्ये ती चाळीस लाख फ्रँकला फ्रान्सला देऊन टाकली आणि हातात उरला हा खडक. मग जुगार. इतका चालला की 1869 मध्ये राजाने इन्कम टॅक्सच काढून टाकला, तो आजपर्यंत नाही. (फ्रेंच नागरिकांना मात्र 1963 पासून सुटका नाही, ते इथे राहिले तरी फ्रान्सला भरतात.) आणि गंमत म्हणजे मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना तिथे खेळायला बंदी! दुकानदाराने आपल्या दुकानातल्या मिठाईची चटक घरच्यांना लावू नये तसं. मागच्या बाजूला गार्निएने बांधलेलं ऑपेरा हाऊस, 1879 चं, पॅरिसचं ऑपेरा हाऊस त्याचंच. आम्ही आतला हॉल बघितला, खांब, सोनं, छतावरची चित्रं, खेळायच्या खोल्यांकडे गेलो नाही, नवऱ्याची इच्छा होती, आईंनी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

बाहेरच्या बागेत एक मोठा गोल आरसा आहे, अनिश कपूरचा. मुंबईत जन्मलेला माणूस हे कळल्यावर आईंना त्याच्यासमोर फोटो हवाच होता. दारातल्या फेरारींचे फोटो काढायला वेगळी गर्दी, तिशीतली मुलं दुसऱ्याच्या गाडीला टेकून पोज देतात, ते बघायला मला जास्त मजा आली, अर्धा तास तिथेच गेला.

आईंना तरी अजून एक लिफ्ट हवी होती, म्हणून वर वर जात राहिलो आणि एका रस्त्याच्या पलीकडे पाट्या बदलल्या. बोसोलेय, म्हणजे फ्रान्स, ना चौकी ना काही. इथे वाळत घातलेले कपडे दिसले, दिवसभरात पहिल्यांदा. मोनॅकोत कामाला रोज 50 हजारांच्या वर माणसं बाहेरून येतात, देशाची लोकसंख्याच 40 हजारांच्या आत. खाली उतरताना सहाची वेळ, स्टेशनात शेफचे कोट, हॉटेलचे बूट, ऑफिसच्या बॅगा, सगळा लोंढा आमच्या प्लॅटफॉर्मवर, ट्रेनमध्ये उभं राहायला जागा नाही. एका बाईने, हातात घर साफ करायच्या सामानाची पिशवी, उठून आईंना जागा दिली. आई मराठीत म्हणाल्या, "बसा हो तुम्हीच, दमला असाल," ती फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या, शेवटी दोघी अर्ध्या अर्ध्या सीटवर बसून नीसपर्यंत आल्या.