पासवर्ड तिचा, नंबर त्याचा

राजारामपुरीतल्या आमच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ती बाई सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. मग फोन काउंटरवर ठेवत म्हणाली, "दादा, यात काहीतरी घातलंय. वकिलांना काय पाठवते ते सगळं नवऱ्याला कळतंय."

ती माहेरी आलेली, कोर्टात केस चालू. हेरगिरीचं ॲप शोधलं, सापडलं नाही. वकिलांना कागद कसे पाठवता, विचारलं. फोटो काढून. गूगल फोटोजचा बॅकअप चालूच होता.

पासवर्ड तिलाच टाकायला लावला, माउसही तिच्याच हातात दिला. गिऱ्हाइकाचे फोटो आम्ही उघडत नाही. खात्यातली डिव्हाइसची यादी काढली, तर तिच्या फोनखाली एक टॅब, आदल्या रात्रीच वापरलेला.

"हा पोराच्या ऑनलाइन शाळेला घेतलेला. सासरीच राहिलाय."

लॉकडाऊनमध्ये त्यात तिचंच खातं टाकलं होतं. ती इकडे फोटो काढायची आणि ते तिकडे टॅबवर दिसायचे. पगाराची स्लिप, मारहाणीनंतरचा दवाखान्याचा केसपेपर, अर्जाचा कच्चा मसुदासुद्धा.

"आधी काढून टाका तो!" तिचा हात थरथरत होता. मी थांबवलं. अगोदर यादीचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसकट, आणि वकिलांना फोन. असं चोरून खात्यात बघणं आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतं, पुरावा हातचा जायला नको.

वकिलांनी हो म्हटल्यावर पासवर्डाआधी रिकव्हरी नंबर बघितला. नवऱ्याचा! खातं त्यानेच काढून दिलेलं. नुसता पासवर्ड बदलला असता, तर 'पासवर्ड विसरलो' म्हणून त्याने तो स्वतःच्या मोबाईलवर कोड मागवून पुन्हा फिरवला असता. म्हणून आधी तिचा नंबर घातला, रिकव्हरीचा ईमेल बदलला, मग पासवर्ड, आणि शेवटी टॅब साइन आउट.

गूगल आमचे फोटो बघतं का, हे मला रोज कोणीतरी विचारतं. प्रश्न रास्त आहे. फाइली कुलूपबंद असल्या तरी किल्ली सहसा कंपनीकडेच असते. पण घरातल्याच माणसाकडे किल्ली आहे का, हे कोणी विचारत नाही. बायकांची खाती नवरा, भाऊ, दीर काढून देतात आणि नंबर स्वतःचा घालतात. मला याचा फार संताप येतो.

"आणि त्याने आधीच उतरवून घेतलं असेल ते?" तिने विचारलं.

"ते परत घेता येत नाही, ताई."

तिने तिथूनच वकिलांना पुन्हा फोन लावला. समोरच्यांच्या हाती पडलेला तो मसुदा आता नव्याने लिहायचा होता.