शटरपर्यंतचं सीमोल्लंघन

दसऱ्याच्या दुपारी चारला मी गॅरेजच्या रिमोटचं बटण दाबलं. शटर वीतभर उचललं गेलं, घूंऽऽ करत तिथंच अडलं आणि त्या फटीतून आमचं मांजर तेवढं बाहेर आलं. गाडी आत. आदल्या दिवशी धुतलेली, झेंडूचा हार घातलेली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेली. आईला आमच्या कोल्हापूरच्या दसरा चौकाच्या जमेल तितकं जवळ नेऊन सोडायचं होतं. तिला हल्ली फार चालवत नाही, आणि शाही दसरा टीव्हीवर बघणं तिला मान्य नाही.

मी पुन्हा बटण दाबलं. मग जरा जोरात दाबलं. रिमोटचं बटण जोरात दाबल्यानं पलीकडच्या यंत्राला काही जास्त कळतं असं नाही, हे मला माहीत आहे. तरी लिफ्टबाहेर उभा राहूनही मी हेच करतो. प्रत्येक वेळी घूं थोडं बारीक होत गेलं आणि शेवटी बंदच झालं. रिमोटचा लाल दिवा मात्र इमानानं लुकलुकत होता.

"सेल गेला असंल," आई पायरीवर बसून म्हणाली. मुलानं तेवढ्यात कोपऱ्यावरून 12 व्होल्टचा तो करंगळीच्या पेराएवढा सेल आणला. घातला. दिवा आणखी ठळक लुकलुकला, शटर ढिम्म. बायको मीटरपाशी जाऊन आली. लाईट होती, एमसीबीही पडलेला नव्हता. पुण्याच्या मेव्हण्याला फोन लावला, त्यानं "रिसेट कर" म्हणून सांगितलं. कुठलं, कसं, हे विचारेपर्यंत त्याच्याकडे पाहुणे आले.

आता खोलून बघायचं तर पान्हा-पकड हवी. आणि इथं खरी गंमत होती. आमची हत्यारांची पेटी देवघरात पाटावर होती. खंडेनवमीला आमच्याकडं पेटी उघडून सगळं बाहेर मांडतात: स्क्रूड्रायव्हर, हातोडी, पकड, आजोबांची करवत, स्वयंपाकघरातली विळी, आणि अलीकडे मुलाचा लॅपटॉपसुद्धा. हळद-कुंकू, फूल, नैवेद्य. एकदा पूजेला लागलं की उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. आणि आमच्या घरची उत्तरपूजा सोनं लुटून आल्यावर रात्री. मी देवघराच्या दिशेनं नुसतं पाहिलं, तर आई म्हणाली, "तिकडं बघूबी नकोस."

मोटर बसवून गेलेल्या मिस्त्रीला फोन केला. तो बिचारा फोनवर आला हेच खूप. "साहेब, हत्यारं पूजेला हायत वो. उद्या सकाळच्याला येतो की." त्याला काय बोलणार? ज्या गावात उद्यमनगर आहे, जिथं घरटी एक माणूस कधी ना कधी लेथ, फौंड्री नाहीतर ऑइल इंजिनाच्या कामाला लागलेला, त्या गावात खंडेनवमी म्हणजे नुसता कॅलेंडरवरचा लाल आकडा नसतो. लेथला हार घातलेला असतो, शॉपमध्ये उदबत्ती आणि कटिंग ऑइलचा मिळून एक वास असतो. त्या दिवशी यंत्रं माणसांकडून पूजा करून घेतात आणि माणसं त्यांना सुट्टी देतात. आमच्या शटरनं ती सुट्टी एक दिवस वाढवून घेतली, एवढंच.

हातात काहीच नसल्यामुळं मी शटरसमोर नुसता उभा राहिलो. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. घरच्या दाराला काय काय असतं! चौकट असते, उंबरा असतो, उंबऱ्यावर हळदीकुंकू, बाहेर रांगोळी, वर तोरण. शटरला यातलं काही नाही. पत्र्याच्या पट्ट्या एकात एक अडकवून केलेली ती एक सतरंजी, सकाळी गुंडाळून माळ्यावर टाकायची आणि रात्री पसरायची.

मोटर बसवायच्या आधी हे शटर हातानं उचलायला लागायचं. बाबा दोन पाय फाकवून कमरेत वाकायचे, हूं म्हणायचे आणि शटर खडखडत वर जायचं. ताकद बाबांची वाटायची, पण निम्मं काम वरच्या पाइपातल्या स्प्रिंगा करायच्या. शटर खाली ओढताना त्या पीळ खातात आणि वर जाताना तोच पीळ परत देतात. स्प्रिंग दमायला लागली की ते महिनाभर आधी बाबांच्या कमरेला कळायचं. "जड लागतंय," असं म्हणत ते चॅनेलमध्ये, म्हणजे शटर ज्यातून सरकतं त्या दोन्ही कडांच्या खाचांत, तेल सोडायचे, पावसाळ्यानंतर तर हमखास, कारण इथल्या पावसात न चावणारा पत्रा अजून निघायचा आहे. रिमोट आल्यापासून जड-हलकं काही कळेनासं झालं. अंगठ्याला सगळं सारखंच लागतं, आणि कळतं ते एकदम दसऱ्याच्या दुपारी चारला.

तेवढ्यात समोरचे तात्या आले. हे उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. आता कान जरा कमी झालाय, पण यंत्राच्या बाबतीत नाही. हात पाठीमागं बांधून ते शटरसमोर उभे राहिले.

"पयला आवाज येत हुता का न्हवता?"

"येत होता."

"आणि आता?"

"आता नाही."

"किती डाव दाबलास?"

"दोन-तीनदा."

"बारा," मुलगा म्हणाला.

"मग दोन दुखणी हायत," तात्या म्हणाले. "एक त्येचं, एक तू केल्यालं."

पुढचं निदान त्यांनी पायरीवर बसूनच सांगितलं. आवाज येतोय आणि हलत नाही, म्हणजे करंट पोचतोय, मोटर जोर लावतेय, पण कुणीतरी धरून ठेवलंय. आवाजच नाही, तर करंट तरी पोचत नाही किंवा मोटरनं हात टेकलेत. आपल्याकडं आधी पहिलं होतं, मग दुसरं झालं. म्हणून पहिल्यापासून बघायचं. मी मात्र सेलापासून सुरुवात केली होती, म्हणजे दुखत होतं पोटात आणि बदलला होता चष्मा.

गॅरेजला बोळातून एक लहान दार आहे. त्याच्यापुढं जुना कूलर, दिवाळीच्या किल्ल्याचं सामान आणि तांदळाची दोन पोती. 2019 च्या पुरानंतर आम्ही सगळं जमिनीपासून उचलून ठेवायला शिकलो, जागेवर ठेवायला नाही. ते सरकवून मी आत गेलो. तात्यांनी बाहेरून ओरडून आधी मेन स्विच बंद करायला लावला. मग कडेच्या मोटरला लोंबणारी हातसाखळी. लाईट गेल्यावर वापरायची म्हणून मिस्त्रीनं दाखवली होती, त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. ओढली. चार बोटं वर, की तटकन थांबली. डावीकडं.

"हातानंबी अडतंय न्हवं? मग मोटर निर्दोष!" बाहेरून निकाल आला.

डाव्या चॅनेलमध्ये मोबाईलचा उजेड टाकला आणि आतून झेंडूची एक पाकळी माझ्या पायावर पडली.

खंडेनवमीला बायकोनं सगळ्या दारांना तोरणं बांधली. शटरनं काय पाप केलंय म्हणून त्यालाही बांधलं, बाहेरून, दोन्ही चॅनेलच्या वर खिळे ठोकून. डावीकडं सुतळीचं टोक लांब राहिलं. रात्री शटर खाली येताना पट्टीच्या कडेनं ते आत ओढलं, आणि आज वर जाताना त्याचीच चुंबळ होऊन पाचर बसली. दोन वर्षांत आम्ही पहिल्यांदा त्या शटरला दाराचा मान दिला, आणि त्याला तो पचला नाही.

सुतळी कापायला सुरी पाहिजे. सुरी पूजेला. तात्या म्हणाले, "कापतोस कशाला? खाली घे." उघडायचं शटर बंद करायला सांगतोय हा माणूस, असं वाटलं, पण साखळी उलटी ओढली. शटर खाली बसलं, चुंबळ सैल झाली, आणि बायकोनं बाहेरून टोक धरून सुतळी सुळकन ओढून घेतली.

मेन स्विच चालू केला, बटण दाबलं. शांतता. आता माझं दुखणं बाकी होतं. अडलेल्या मोटरला बारा वेळा जोर लावायला लावला की ती तापते, आणि फार तापली की आतला थर्मल कटआउट तिला बंद करतो. जळू नये म्हणून. थंड झाली की आपसूक परत जोडला जातो. त्यावर इलाज एकच: चहा. तो झाला, दुसरा झाला. पंचवीस मिनिटांनी मुलानं बटण दाबलं (मला दिलं नाही) आणि शटर असं वर गेलं, जसं काही झालंच नव्हतं.

चौकाच्या अलीकडं बरंच लांब गाडी लावून आईला धरून धरून नेलं. पालख्या आलेल्या होत्या: अंबाबाईची, भवानीची, गुरुमहाराजांची. छत्रपतींची 1936 सालची मेबॅक मोटार गर्दीच्या मधोमध उभी होती, तकतकीत. आई ती बघून म्हणाली, "ही बघ, ह्या वयात टायमावर आली." शमीपूजन झालं, सलामी झाली, सोनं लुटलं. आईनं दोन मुठी भरून आणलं.

परत आलो तेव्हा साडेनऊ झाले होते. देवघरातल्या हत्यारांची उत्तरपूजा अजून व्हायची होती. मी गॅरेजसमोर गाडी थांबवली. रिमोट डॅशबोर्डवर आपट्याच्या पानांत पडलेला. मी मुलाकडं बघितलं, मुलानं बायकोकडं, बायकोनं आईकडं.

गाडी रात्रभर गल्लीतच लावली.