कोड चार की कोड पाच

ऑक्टोबर 2023 मध्ये आमची टीम भिवंडीत सर्व्हेला होती. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, 28 सप्टेंबरला. मुंबईत मुस्लिम संघटनांनी आपणहून जुलूस 29 ला नेला, सरकारने त्या दिवसाची सुट्टी दिली आणि सगळं सुखरूप पार पडलं. मग कुणाला तरी वाटलं, दोन समाजांना एकमेकांविषयी काय वाटतं ते विचारून बघू. दंगल झाली की आम्हाला काम मिळतं. न झाल्यावरही मिळालं, ही पहिलीच वेळ.

प्रश्न 14 सगळ्यात अवघड. ‘तुमच्या गावात पूर्वी दंगल झाली, ती मुख्यतः कुणामुळे?’ कोड 1 बाहेरचे लोक, 2 राजकारणी, 3 अफवा, 4 दुसऱ्या समाजातले, 5 आपल्याच समाजातले. भिवंडीत हा प्रश्न हवेतला नाही. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटलं, मे 1984 मध्ये पुन्हा. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला काही ना काही आठवतं. तरी दारात उभं राहून विचारलं की बहुतेक जण 1 म्हणतात. बाहेरचे. हे बाहेरचे राहतात कुठे, ते काही मला तीन आठवड्यांत सापडलं नाही.

निजामपुऱ्यातल्या एका कोकणी मुस्लिम चाचांकडे मी गेले होते. वय सत्तरीच्या पुढे, पूर्वी चार लूमचा कारखाना होता. आमच्यासारखंच मराठी, फक्त थोडा हेल वेगळा. चौदाव्या प्रश्नाला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “खरं सांगू का ताई, आमचीच काही पोरं डोक्याने गरम होती.” मी लगेच 5 दाबला. खरं तर तिथे ‘म्हणजे काय?’ असं खोदून विचारायचं असतं. मी विचारलं नाही. उत्तर छान वाटलं होतं.

आमच्याकडे दहातल्या एका घरी बॅकचेक होतो. दुसरा कुणी जाऊन मोजके प्रश्न पुन्हा विचारतो. या घराचा बॅकचेक माझ्या मुंब्र्याच्या मैत्रिणीकडे गेला. संध्याकाळी सुपरवायझरने दोघींना खाली चहाच्या टपरीवर बोलावलं आणि दोन्ही टॅब शेजारी शेजारी धरले. चौदाव्याला माझ्याकडे 5, तिच्याकडे 4.

“दोघींपैकी एकीने जिन्यात बसून फॉर्म भरलाय. कोण ते सांगा.”

लोकेशन दोघींचंही त्याच दारातलं होतं. रेकॉर्डिंगला चाचांनी दोन्ही वेळा नकार दिलेला. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितेच: हिने मुद्दाम 4 टाकला. दोन वर्षं एका डब्यात जेवतो आम्ही. तिच्याही मनात माझ्याबद्दल नेमकं हेच आलं होतं. हे तिने मला नंतर, ठाण्याच्या बसमध्ये, खिडकीबाहेर बघत सांगितलं.

मग तिला विचारलं, नेमके शब्द काय होते? ती म्हणाली, “बेटी, आपल्याला कुणी विचारलं का तेव्हा? आपण तर घरात होतो, आले ते तिकडून.”

माझ्याशी बोलताना ‘आमची पोरं’, तिच्याशी बोलताना ‘आपण’. माझं आडनाव दारातच विचारून झालं होतं, तिचा स्कार्फ दिसतच होता.

गंमत म्हणजे प्रश्न 17 दोघींकडे जवळजवळ शब्दशः सारखा. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत कशी राहिली? चाचा दोघींना म्हणाले होते, मोहल्ला कमिटी. 1988 मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्या सुरू केल्या होत्या. दोन्हीकडची माणसं आणि बीटचा हवालदार एका जागी बसायचे. “दंगलीवर कोण बोलायचं? नळाचं पाणी, गटार, कुणाच्या पोराने कुणाची सायकल नेली. तोंडं ओळखीची झाली. रात्री गल्लीच्या टोकाला कोण उभं आहे ते कळायचं.”

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने आम्हाला दोघींना एकत्र पाठवलं. चाचांनी दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि हसायलाच लागले. “दोघी एकदम? आता काय सांगू मी?” चहा आला, नानकटाई आली. चौदावा प्रश्न मी वाचला तेव्हा ते बराच वेळ कपातल्या सायीकडे बघत बसले. शेजारच्या गाळ्यातल्या लूमची खटखट तेवढी चालू होती.

“चौऱ्याऐंशीला माझे चारही लूम जळाले. कुणी जाळले ते मला माहीत आहे. यात नाव लिहायला जागा आहे का?”

“नाही, चाचा.”

“मग तीन लिहा. अफवा.”

सुपरवायझरने तीनही फॉर्म रद्द केले. एका माणसाची तीन उत्तरं त्याला वर पाठवता येईनात. पर्यायी घर घ्या म्हणाला, दोघी मिळूनच जा. तसं आम्ही कामतघरला एका तेलुगू विणकराच्या घरी गेलो. बाईंनी दार अर्धंच उघडलं. आधी माझ्या टिकलीकडे पाहिलं, मग हिच्या स्कार्फकडे, मग परत माझ्याकडे.

“प्रश्न कोण विचारणार आहे?” त्या म्हणाल्या.